सिंगापूर: व्हिवोसिटी मॉलमध्ये शाकाहारी कुटुंबाने कुठे आणि काय खावे?

निगडीकर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा जण सिंगापूरला येतोय. आम्ही दोघे, आई-बाबा (६८ आणि ७२), मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६. एक शनिवार पूर्ण सेंटोसा बेटासाठी ठेवला आहे. जाता-येता व्हिवोसिटी मॉल लागतोच, म्हणून दुपारचे आणि जमल्यास रात्रीचेही जेवण तिथेच उरकावे असा बेत आहे. हॉटेल चायनाटाउन स्टेशनजवळ आहे.

अडचणी अशा: आई कडक शाकाहारी, अंडेसुद्धा चालत नाही. शिवाय तिचा शनिवार असतो, म्हणजे दिवसभर उपासाचे आणि रात्री जेवून सोडायचा. बाबा शाकाहारी, मधुमेह आहे, जेवणाला फार उशीर चालत नाही. मुले अंडे-चिकन खातात, तिखट नको.

फूड कोर्टात शाकाहारी मिळते का, की रेस्टॉरंट गाठावे? खर्च साधारण किती? आणि भारतीय जेवणाचा हट्ट धरावा का?

तेलोकब्लांगा

आधी मॉलचा नकाशा डोक्यात बसवा, निम्मी वणवण वाचेल. मेट्रोच्या जांभळ्या मार्गाचे (नॉर्थ ईस्ट लाइन) शेवटचे स्टेशन हार्बरफ्रंट. चायनाटाउनहून ते दुसरेच. एक्झिट ईच्या पाट्या धरून चाललात की सरळ व्हिवोसिटीत शिरता. सेंटोसाला जाणारी छोटी गाडी (सेंटोसा एक्स्प्रेस) मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सुटते, पाट्यांवर 'लॉबी एल' असे लिहिलेले असते. फूड रिपब्लिक हे मोठे फूड कोर्टही तिसऱ्या मजल्यावर, त्याच टोकाला आहे. म्हणजे तुमच्या कामाच्या दोन्ही गोष्टी एकाच मजल्यावर. मॉल लांबच लांब आहे. आई-बाबांना घेऊन खालच्या मजल्यांवर 'बघू काय काय आहे' करत फिरू नका, लिफ्टने थेट तिसरा मजला गाठा.

खाली तळघरात उभ्याने खायचे किंवा बांधून न्यायचे छोटे स्टॉल आहेत: तळलेले पदार्थ, पाव, ज्यूस, बबल टी. तिथे बसायला जागा फारशी नाही. पहिल्या मजल्यावर पाण्याच्या बाजूने रेस्टॉरंट्स आहेत. फेअरप्राइस एक्स्ट्रा हे प्रचंड सुपरमार्केट तळघर आणि पहिला मजला मिळून पसरले आहे. त्याचा उपयोग तुमच्या आईंच्या उपासाला होईल, ते पुढे कोणीतरी लिहीलच.

पैशांचे गणित. फूड कोर्टात एका माणसाची थाळी किंवा वाडगा साधारण ७ ते ११ सिंगापूर डॉलर, आणि पाटीवर जो भाव दिसतो तोच द्यायचा. रेस्टॉरंटच्या मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे असतात (इथे त्याला 'प्लस प्लस' म्हणतात). त्यावर आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी चढतो. सहा जणांचे मेन्यूप्रमाणे १२० डॉलर झाले तर बिल १४३.८० च्या पुढे जाते, नेमके १४३.८८. टिप वेगळी द्यायची पद्धत नाही. काही रेस्टॉरंट्समध्ये साध्या पाण्याचे आणि टेबलावर आधीच ठेवलेल्या ओल्या टिश्यूचेही पैसे लागतात. नको असेल तर पाकीट न फोडता परत करा, बिलातून काढतात.

आपल्याकडच्या मॉलमध्ये फूड कोर्टाचे कार्ड भरून घ्यावे लागते तसे इथे नाही. प्रत्येक स्टॉलवर वेगळी रांग, तिथेच पैसे, आणि बहुतेक ठिकाणी ट्रे आपणच उचलून आणायचा. म्हणून सहा जणांनी एकदम रांगेत उभे राहू नये. आधी टेबल पकडा, आई-बाबा आणि धाकटीला बसवा आणि तुम्ही दोघे वेगवेगळ्या स्टॉलवर जा. मुलगा पेयांच्या रांगेत.

वेळ: डिसेंबरात इथे शाळांना सुट्टी, त्यात शनिवार. १२ ते २ या वेळात सहा जणांचे सलग टेबल मिळणे कठीण. सव्वाअकरापर्यंत बसलात तर निवांत खाल. नाहीतर मग अडीचनंतर, आणि ते तुमच्या बाबांना चालणार नाही.

स्टॉलची नावे मुद्दाम देत नाही. फूड कोर्टातले भाडेकरू बदलत राहतात. स्टॉल कसा ओळखायचा ते कळले की नाव लागत नाही.

पंदन

तेलोकब्लांगांनी मॉल सांगितला, मी ताटातले सांगते.

इथे 'व्हेज' एवढे म्हणून भागत नाही. डोळ्यांना दिसणारे मांस काढले की झाले व्हेज, अशी समजूत सर्रास असते. घोळ होतो तो न दिसणाऱ्या पाच गोष्टींनी: ऑयस्टर सॉस, फिश सॉस, सुकट (आणि तिची आंबवलेली चटणी बेलाचान), चिकन किंवा हाडांचा स्टॉक, आणि चिनी स्टॉलवर डुकराची चरबी. नुसती परतलेली पालेभाजी घेतली तरी तिच्यावर ऑयस्टर सॉसची धार असते. व्हेजिटेबल फ्राइड राइसमध्ये अंडे जवळजवळ नक्की. पातळ नूडल्समध्ये भाज्या कितीही असोत, रस्सा चिकनचा किंवा माशांचा.

फसवणारे पदार्थ, जे बघून आपली मंडळी हमखास 'हे चालेल' म्हणतात:

कॅरट केक: गोड नाही आणि गाजरही नाही. पांढरा मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या, अंड्यात परतलेल्या.

रोजाक: फळे-काकडीची कोशिंबीर दिसते, पण काळा सॉस कोळंबीच्या पेस्टचा.

लाक्सा: नारळाच्या दुधाची आमटी, पण वाटणातच सुकट.

सायुर लोदेह: मलय पद्धतीची नारळाच्या रसातली मिश्र भाजी. दिसायला अगदी आपली, पण वाटणात बहुतेक वेळा सुकट असते.

योंग टाउ फू: टोफू, भेंडी, वांगी, मिरची, सगळे भरलेले. भरलेले काय, तर माशांची पेस्ट.

काया टोस्ट: पावावरचा हिरवट जाम नारळ, साखर आणि अंड्याचा. बाबांना साखरेमुळे नको, आईंना अंड्यामुळे.

बेकरीतले बन: वर काथ्यासारखे तांबूस काही भुरभुरलेले असेल तर ते वाळवून पिंजलेले चिकन किंवा पोर्क असते. मुलांना चालत असेल तरी आधी विचारा कोणते.

करी पफ: दिसतो करंजीसारखा, आत बटाट्याबरोबर चिकन आणि अंड्याची फोड.

आता काय चालेल. फूड कोर्टात शाकाहारी माणसाने दोनच प्रकारचे स्टॉल शोधावेत.

पहिला, चिनी शाकाहारी स्टॉल, असला तर. पाटीवर इंग्रजीत 'व्हेजिटेरियन' लिहिलेले असते, काहींवर कमळ किंवा बौद्ध स्वस्तिकही दिसते. हे बौद्ध परंपरेतले शाकाहारी, त्यामुळे बरेच जण कांदा-लसूणही घालत नाहीत. इथे चरबी, सुकट, ऑयस्टर सॉस यांची धास्ती नाही (सॉस मशरूमचा असतो). अंड्याचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारायचा, कारण काही स्टॉलवर अंडे चालते. मेन्यूवर 'डक', 'चार सिउ' (भाजलेले पोर्क), 'चिकन' अशी नावे दिसतील. ते सगळे गव्हाच्या ग्लुटेनचे आणि सोयाचे. आकार आणि रंग इतका हुबेहूब असतो की आईंच्या घशाखाली उतरायचे नाही. उपास नसेल त्या दिवशी त्यांच्यासाठी साधे बी हून मागा: तांदळाच्या शेवया, वर कोबी, गाजर, टोफू. चिनी पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, पुष्कळ चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी या स्टॉलवर रांग मोठी आणि दुपारी लवकर माल संपतो. तुमचा शनिवार तसा येतो का ते कॅलेंडरवर बघून ठेवा.

दुसरा, भारतीय स्टॉल. फूड कोर्टातला भारतीय स्टॉल बहुधा मिश्र असतो. प्राटा (पराठ्याचा इथला प्रकार) साधा मागायचा तर 'कोसोंग' म्हणा. त्याच्याबरोबर वाटीत जी करी देतात ती पुष्कळदा माशाची किंवा मटणाची. 'धाल करी' असे आधीच सांगा, वाढून झाल्यावर नाही. तवा एकच, त्याच्यावर अंड्याचा प्राटाही होतो, आणि काहींच्या कणकेतच अंडे असते. बाबांना चालेल, आईंना नको. डोसा (इथे 'तोसाई') त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तवा वेगळा आहे का ते विचारावे लागेल.

हलाल प्रमाणपत्राचा अर्थ शाकाहाऱ्यासाठी एवढाच की डुकराची चरबी आणि दारू नाही. सुकट, चिकन स्टॉक, फिश सॉस हलालमध्ये बिनदिक्कत असतात.

विचारायचे कसे: 'इज इट व्हेज?' नको, उत्तर हमखास 'येस येस' येते. एकेक वस्तू नाव घेऊन विचारा: 'नो एग, नो फिश सॉस, नो ऑयस्टर सॉस, नो ड्राय प्रॉन, नो चिकन स्टॉक.' मलय स्टॉलवर 'ताक नाक तेलुर' म्हणजे अंडे नको, 'ताक नाक उदांग' म्हणजे कोळंबी नको. आणि रांगेत गर्दी असताना विचाराल तर घाईत काहीही उत्तर मिळते. सव्वाअकराची वेळ त्यासाठीही बरी.

सेरांगूनरोड

एवढा खटाटोप कशाला? हार्बरफ्रंटहून त्याच जांभळ्या मार्गावर लिटल इंडिया पाचवे स्टेशन. मध्ये आउटराम पार्क, चायनाटाउन, क्लार्क की, धोबी घाट. गाडीत दहा-बारा मिनिटे, गाडी बदलायची नाही. बाहेर पडलात की सेरांगून रोडवर कोमला विलास (१९४७ पासून) आणि आनंद भवन (१९२४ पासून), दोन्ही शुद्ध शाकाहारी. डोसा, इडली, उपमा, थाळी, उत्तर भारतीय भाज्या-पोळ्याही. तव्याची चौकशी नको, सॉसची नको. मॉलमध्ये सहा जणांना जेवढे पडते त्याहून कमीतच होईल.

तिथल्या टेक्का सेंटर या बाजारातही भारतीय स्टॉल भरपूर आहेत, पण तिथे बिर्याणी आणि मटणाचा जोर जास्त, संध्याकाळी बरेच स्टॉल लवकर बंद. तुम्ही रेस्टॉरंटच धरा.

मॉलमध्ये भारतीय जेवणाचा हट्ट धरू नका. मॉलच्या भावात पंजाबी ग्रेव्हीची एक वाटी विकत घेण्यापेक्षा लिटल इंडिया बरे.

तेलोकब्लांगा

रात्रीसाठी एकदम मान्य. दुपारसाठी नाही. सेंटोसाचा दिवस अर्ध्यावर तोडून दोन म्हाताऱ्या माणसांना आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन लिटल इंडिया गाठायचे म्हणजे बेटावरच्या स्टेशनची रांग, मॉल ओलांडणे, मेट्रो, चालणे, जेवण आणि हेच सगळे उलटे. अडीच-तीन तास गेले. डिसेंबरात दुपारच्या पावसाची शक्यताही धरा.

दुपारी मॉल किंवा सकाळी बांधून नेलेले, रात्री लिटल इंडिया. निगडीकरांच्या आईंचा उपास रात्री सुटतो, तेव्हा पूर्ण जेवण रात्रीच लागणार आहे.

निगडीकर

सगळ्यांचे आभार, हे कुठल्याच ट्रॅव्हल कंपनीने सांगितले नव्हते.

आता पुढचे. (१) आईच्या दिवसभराच्या उपासाला काय? फराळाचे घरून आणणार आहोतच, पण ताजे काही? (२) बाबांना दुपारी चहा लागतो, बिनसाखरेचा. (३) सेंटोसावरचा रात्रीचा समुद्रावरचा लेझर शो बघायचा आहे. तो बघून मॉलमध्ये जेवायला पोहोचलो तर उघडे असते का?

पंदन

उपास: फेअरप्राइस एक्स्ट्रामध्ये साधे दही, दूध, केळी, सफरचंद, पपई, शेंगदाणे आणि कापून डब्यात भरलेली फळे मिळतात. दही घेताना 'प्लेन' आणि साखर नसलेले बघा, आणि घटकांच्या यादीत जिलेटिन नाही ना तेही वाचा. हे सकाळी सेंटोसाला चढण्याआधी घेऊन ठेवा, पण मॉल दहाला उघडतो हे लक्षात असू द्या. त्याआधी पोहोचायचे असेल तर आदल्या रात्री चायनाटाउनमधूनच फळे घ्या.

फूड कोर्टातल्या ज्यूसच्या स्टॉलवर 'नो शुगर, नो सिरप' सांगायचे, नाहीतर पाक घालतात. शहाळेही मिळते. मिठाच्या पाण्यात बुडवलेली कापलेली फळे आणि वर आलुबुखाऱ्याची आंबट पूड, असा एक प्रकार असतो. उपासाला पूड नको म्हणून सांगा.

आणि एक गंमत: इथल्या गोड पदार्थांच्या स्टॉलवर 'हनीड्यू सागो' मिळते. नारळाचे दूध, खरबूज आणि साबुदाणा, थंडगार. घटक बघितले तर उपासाला चालण्यासारखे, फक्त त्यात साखर भरपूर आणि वर जेलीचे तुकडे घालतात का ते विचारावे. चेंडोल मात्र नको, त्यातल्या हिरव्या शेवया तांदळाच्या पिठाच्या आणि खाली लाल बीन्स. मुलांना द्या, त्यांना आवडेल.

तळलेले बटाट्याचे काप घ्यायचा मोह होईल. बहुतेक ठिकाणी त्याच तेलात चिकन तळलेले असते.

चहा: इथे नावातच दूध-साखर ठरते. नुसते 'तेह' म्हटले की कन्डेन्स्ड मिल्क, म्हणजे साखर दुधातच आली. ती वगळताच येत नाही. 'तेह-सी' मध्ये आटवलेले बिनसाखरेचे दूध, पण साखर वेगळी घालतात. 'तेह-ओ' कोरा, साखर घातलेला. 'कोसोंग' जोडले की साखर नाही, 'सिउ दाई' म्हणजे कमी. बाबांसाठी एकच वाक्य पाठ करा: 'तेह-सी कोसोंग'. कोरा हवा तर 'तेह-ओ कोसोंग'. कॉफीला तेहच्या जागी 'कोपी'. काही स्टॉलवर 'तेह हालिया' म्हणजे आल्याचा चहा असतो, पण तो कन्डेन्स्ड मिल्कचा आणि कमालीचा गोड.

बाटलीबंद आणि स्टॉलवरच्या पेयांवर ए ते डी अशी अक्षरे दिसतील. साखर आणि चरबीवरून ती दिलेली असतात, ए सर्वांत बरे. बाबांसाठी सी आणि डी लिहिलेले हातातच घेऊ नका. बबल टीमध्ये गोडी टक्क्यांत विचारतात. शून्य सांगितले तरी खालच्या काळ्या गोळ्या पाकातल्याच असतात.

बाबांचे दुपारचे जेवण: तोसाई आणि धाल, किंवा चिनी शाकाहारी स्टॉलवर भात कमी सांगून दोन भाज्या आणि टोफू. त्या स्टॉलवर भाज्या बोट दाखवून निवडता येतात आणि भाव निवडलेल्या पदार्थांवर ठरतो. साध्या 'मिक्स्ड राइस'च्या स्टॉलवरही अगदी असेच दिसते, पण तिथे मासे आणि भाजी एकाच डावाने वाढतात. पाटीवर 'व्हेजिटेरियन' आहे की नाही एवढे बघून मगच रांगेत उभे राहा.

तेलोकब्लांगा

रात्रीच्या शोबद्दल. शो ७.४० आणि ८.४० ला, बीच स्टेशनजवळ. साधारण वीस मिनिटे. तिकिटे घेताना ७.४० चीच घ्या, इथेच बहुतेकांचे गणित चुकते.

८.४० चा घेतलात तर नऊला सगळी गर्दी एकदम स्टेशनवर. गाडीला नंबर लागून व्हिवोसिटीला पोहोचेपर्यंत साडेनऊ. मॉल दहाला बंद होतो आणि फूड कोर्टातले स्टॉल शेवटच्या अर्ध्या तासात भांडी घासायला घेतात. जे उरलेले असते त्यात शाकाहारी शोधणे अवघड. मेट्रो रात्री साधारण बारापर्यंत असते, लिटल इंडिया गाठता येईल, पण आईंचा उपास सुटायला साडेदहा होणार आणि बाबांना ते चालणारच नाही.

७.४० चा घेतलात तर आठ-सव्वाआठला बाहेर, पावणेनऊपर्यंत मेट्रोत, नऊला लिटल इंडियात. सूर्य इथे वर्षभर सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे पहिल्या शोलाही पुरेसा अंधार असतो. दुसऱ्यासाठी थांबायचे काही कारण नाही.

बाबांसाठी शोच्या आधी सहा-साडेसहाला काहीतरी पोटात जाऊ द्या. बेटावर शाकाहारी खाणे मॉलपेक्षा कमी आणि महाग. फळ, शेंगदाणे असे न बिघडणारे काही बरोबर ठेवा. स्टॉलवरून काही बांधून घेतले तर डब्याचे २० ते ५० सेंट जादा घेतात. बांधून घेतलेले शिजवलेले अन्न चार तासांच्या आत संपवा, त्यापुढे या हवेत ठेवू नका. आईंचे दही मात्र सकाळी घेऊन दुपारच्या आत संपवा.

परतीची गाडी फुकट आहे, बेटावर जातानाच माणशी ४ डॉलर लागतात. गाडीची रांग फार असेल तर पहिल्या मजल्यावरून पाण्याकाठाने सेंटोसा बोर्डवॉक आहे: छप्पर, काही भागात सरकती पट्टी, दहा-पंधरा मिनिटे, पैसे नाहीत. जाताना आई-बाबांना जमण्यासारखे आहे. रात्री दमल्यावर नको.

सेरांगूनरोड

रात्री नऊला शनिवारी लिटल इंडियात गर्दी असेल, सहा जणांना एकत्र टेबल मिळायला दहा-पंधरा मिनिटे धरा. रविवारपेक्षा पुष्कळ बरे. रविवारी संध्याकाळी सुट्टीचा कामगारवर्ग लोटतो आणि रस्त्यावर चालायला जागा नसते. तुमचा वार बदलणार असेल तर हे लक्षात ठेवा.

उपास सोडायला डोसा नको असेल तर दोन्ही ठिकाणी भात, सांबार, रसम, दही असे साधे मिळते. पोळी हवी तर 'चपाती' मागा, 'प्राटा' म्हटले की मैद्याचे येते.

जेवून परतताना चायनाटाउन तिथून तिसरे स्टेशन, गाडी हार्बरफ्रंटच्या दिशेची.

झाडूवाला

वरच्या मंडळींनी खाण्याचे सांगितले, मी नियमांचे.

ट्रे परत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालचे खाण्याचे स्टॉल) २०२१ पासून आणि फूड कोर्टात २०२२ पासून. टेबलावर टिश्यू, हाडे, रिकामे ग्लास सोडले तरी तोच नियम. पहिल्यांदा लेखी ताकीद, पुन्हा केले तर ३०० डॉलर. ट्रे ठेवायच्या जागा दोन असतात: हलाल आणि बाकीचे, ट्रेचे रंगही वेगळे. एकाच टेबलावर दोन्हीकडचे खाणे आणले असेल तर भांडी एकावर एक रचून एकाच जागी ठेवू नका. हलाल स्टॉलचा ट्रे हलालच्याच रॅकवर. याबाबत मुस्लिम स्टॉलवाले फार काटेकोर असतात, आणि बरोबरच आहे.

रिकाम्या टेबलावर टिश्यूचे छोटे पाकीट, छत्री किंवा पाण्याची बाटली दिसली तर ते टेबल धरलेले आहे. कोणी विसरून गेले असे समजून बसू नका. तुम्हीही तसेच धरू शकता. टिश्यू फूड कोर्टात फुकट मिळत नाहीत, दोन-चार पाकिटे बरोबर ठेवाच.

मेट्रोच्या गाडीत आणि स्टेशनात खाणे-पिणे बंद, दंड ५०० डॉलरपर्यंत. यात पाण्याचा घोटही आला. बाबांना गोळ्या घ्यायच्या असतील किंवा साखर उतरल्यासारखी वाटली तर स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला सांगा, अडवणार नाहीत. पण धाकटीच्या हातात चिवड्याची पुडी देऊन गाडीत बसवू नका. बांधून घेतलेले डबे पिशवीत बंद असले तर चालते.

नळाचे पाणी पिण्याचे आहे. हॉटेलातून बाटल्या भरून निघा, सहा जणांच्या बाटल्यांचे दिवसाचे दहा-बारा डॉलर वाचतात.

बाहेरचे अन्न फूड कोर्टाच्या टेबलावर उघडू नका, हटकतात. आईंचे दही-फळे तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीवर, समुद्राच्या बाजूला बसून खा. तिथे मुलांना खेळायला उथळ पाण्याचे तळेही आहे, म्हणून मुलीचे बदलायचे कपडे पिशवीत असू द्या, ती उतरणार म्हणजे उतरणार.

निगडीकर

७.४० ची तिकिटे काढली. दुपारी सव्वाअकराला फूड रिपब्लिक, रात्री लिटल इंडिया, ठरले.

शेवटचे दोन: परतीच्या दिवशी विमानतळाजवळच्या ज्युएल मॉलमध्ये जेवायचे का? आणि घरून फराळ आणण्यात काही अडचण? आईने अनारसे, भाकरवडी, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू असा बेत केला आहे.

झाडूवाला

थांबा! अनारसे नकोत, खसखशीमुळे. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, परवानगीशिवाय आणता येत नाही. नुसती पुडीच नव्हे, पदार्थावर लावलेलीही. भाकरवडीच्या सारणातही बहुतेक वेळा खसखस असते. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, आणि घरगुती किंवा सुट्टी घेतलेली असेल तर सरळ घरीच ठेवा. कोरड्या मसाल्यांत आणि गरम मसाल्याच्या पुडीतही खसखस असू शकते. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खसखस नसलेला चिवडा ठीक. चुइंगम मुलांच्या दप्तरातून काढून ठेवा.

पंदन

अनारशांवर खसखशीऐवजी तीळ लावायला सांगा, आणि उपासाला चालणारे शेंगदाण्याचे लाडू जास्त आणा, दोन दिवस पुरतील.

ज्युएल विमानतळाच्या टर्मिनल १ ला लागूनच आहे, टर्मिनल २ आणि ३ ला पुलाने जोडलेले. ते तपासणीच्या बाहेर आहे, म्हणून आत जाण्याआधीच खाऊन घ्या, नंतर बाहेर येता येत नाही. फूड कोर्ट तळघरात दुसऱ्या पातळीवर. नियम सगळे वरचेच: आधी टेबल, मग एकेक सॉसचे नाव. आतला धबधबा ४० मीटरचा आहे आणि त्याच्याभोवती गर्दीही तेवढीच, त्यामुळे फोटोसाठी आणि जेवणासाठी मिळून दोन तास वेगळे धरा. दही, पाणी, आमटी असे पातळ काही उरले असेल तर ते तपासणीआधी संपवा. लाडू आणि चिवडा आत नेता येतो.

तेलोकब्लांगा

फूड रिपब्लिकमध्ये पाठ नसलेली स्टुले पुष्कळ आहेत. आई-बाबांसाठी पाठीच्या खुर्च्यांचे टेबल कडेने, खिडकीच्या बाजूला बघा. आत शिरताच मिळेल त्या टेबलावर बसू नका.